च्वानचौ : पांगाऱ्याच्या शहरातील विहार, मशीद आणि मूक शिळा

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षण, नोकरी व व्यापार यांच्या निमित्ताने परदेशी जातात. त्यांपैकी काहींना चीनमध्ये जाण्याचा योग येतो. बहुतेकांची वाट ग्वांगचौ किंवा शांघाय या शहरांपाशीच थांबते; बाजारपेठ पाहायची, काम उरकायचे आणि परतायचे. परंतु ज्याला बौद्ध धम्माच्या प्रसाराचा आणि मध्ययुगीन व्यापाराचा इतिहास डोळ्यांनी पाहावयाचा आहे, त्याने चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फूजियान प्रांतातील एका जुन्या बंदरासाठी दोन दिवस अवश्य राखून ठेवावेत. या बंदराचे नाव च्वानचौ. ग्वांगचौ आणि च्वानचौ ही नावे कानाला जवळची वाटली तरी शहरे वेगळी आहेत, हे तिकीट काढतानाच ध्यानात ठेवलेले बरे. श्यामन या मोठ्या शहरातून आगगाडीने येथे सहज पोहोचता येते.

सन २०२१ मध्ये युनेस्कोने च्वानचौमधील व परिसरातील २२ स्थळांचा एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत समावेश केला. सोंग आणि युआन राजवटींच्या काळात, म्हणजे साधारणतः दहाव्या ते चौदाव्या शतकात, हे शहर जगातील अग्रगण्य बंदरांपैकी एक होते. अरब व्यापारी त्याला 'झैतून' म्हणत. दहाव्या शतकात शहराच्या तटाभोवती 'त्सथुंग' नावाची झाडे लावण्यात आली होती. त्या नावावरून 'झैतून' हे नाव पडले, असे मानले जाते. हे झाड आपणांस अपरिचित नाही. वसंताच्या आरंभी कोकणात लाल फुलांनी पेटून उठणारा पांगारा तो हाच. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो आणि चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशांनी या बंदराची वर्णने केली आहेत.

वाऱ्यावर चालणारे शहर

शहर समजून घ्यावयाचे तर प्रथम वारा समजून घ्यावा लागतो. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे वाहू लागले की जहाजे दक्षिणेकडे निघत. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की तीच जहाजे माल घेऊन परतत. सन १०८७ मध्ये येथे सागरी व्यापाराचे सरकारी कार्यालय स्थापन झाले. त्यानंतर जकात, परवाने आणि परदेशी व्यापाऱ्यांची व्यवस्था येथूनच पाहिली जाऊ लागली. शहराच्या पश्चिमेस असलेल्या च्यूरी टेकडीवर सरकारी अधिकारी जमून अनुकूल वाऱ्यासाठी विधी करीत आणि त्याची नोंद खडकावर कोरून ठेवीत. बाराव्या व तेराव्या शतकांतील असे लेख आजही तेथे वाचावयास मिळतात. राज्याचा महसूल वाऱ्यावर अवलंबून होता, म्हणूनच अधिकारी डोंगर चढत असत, हे उघड आहे.

याच टेकडीशी एका भारतीय भिक्खूची आठवण जोडलेली आहे. उज्जैनचे भदंत परमार्थ इ.स. ५४६ मध्ये समुद्रमार्गे दक्षिण चीनमध्ये पोहोचले. अभिधर्मकोशासारख्या ग्रंथांचे त्यांनी चिनी भाषेत अनुवाद केले. राजकीय अस्थिरतेमुळे त्यांना गावोगाव फिरावे लागले. या टेकडीवरील एका शिळेवर बसून त्यांनी सूत्राचा अनुवाद केला, असे स्थानिक परंपरा सांगते. त्यांना मायदेशी परतण्याची ओढ होती. इ.स. ५६२ मध्ये ते जहाजात बसलेही. परंतु उलट वाऱ्याने जहाज ग्वांगचौकडे नेले. ते तेथेच राहिले, पुन्हा अनुवादाला बसले आणि इ.स. ५६९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. धम्माचे ग्रंथ सीमा ओलांडून जातात तेव्हा त्यामागे अशी माणसे असतात, हे विद्यार्थ्यांना सांगताना परमार्थांचे नाव अवश्य सांगावे.

खाययुआन विहार

च्वानचौच्या जुन्या वस्तीतील 'पश्चिम रस्ता' या रस्त्यावर खाययुआन विहार आहे. इ.स. ६८६ मध्ये त्याची स्थापना झाली. ही जागा मुळात ह्वांग शौकुंग नावाच्या धनिकाची तुतीची बाग होती. एका भिक्खूने विहारासाठी जागा मागितली, तेव्हा 'तुतीला कमळे येतील तर देईन' असे त्या धनिकाने म्हटले आणि पुढे खरोखरच कमळे आली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला इतिहास समजण्याचे कारण नाही. तथापि तिच्यातून एक सामाजिक सत्य हाती लागते. रेशमाच्या व्यवसायात तुतीची बाग म्हणजे उत्पन्नाचे साधन. त्या साधनाचे संघाला झालेले दान लोकांनी चमत्काराच्या भाषेत जतन केले आहे. आवारात आजही एक अतिशय जुने तुतीचे झाड जपलेले आहे.

मुख्य सभागृहाला लोक 'शंभर खांबांचे सभागृह' म्हणतात. प्रत्यक्षात खांब ८६ आहेत. आत पाच बुद्धमूर्ती एका रांगेत विराजमान आहेत. आपल्या विहारांत आपण एकट्या तथागतांची मूर्ती पाहतो. त्यामुळे प्रथम थोडा गोंधळ होतो. महायान परंपरेतील वैरोचन, अक्षोभ्य, रत्नसंभव, अमिताभ व अमोघसिद्धी अशा या पाच मूर्ती आहेत. मान उंच करून पाहिल्यास तुळयांच्या आधारांवर पंख असलेल्या २४ आकृती दिसतात. त्यांच्या हातांत वाद्ये व अर्पणाच्या वस्तू आहेत. चिनी सुतारांनी छताचा भार पेलण्याच्या लाकडालाच असे रूप दिले आहे.

सभागृहाच्या दोन्ही बाजूंस दोन पाषाणस्तूप उभे आहेत. पूर्वेकडील स्तूप सुमारे ४८ मीटर उंच असून तो सन १२३८ ते १२५० या काळात बांधला गेला. पश्चिमेकडील सुमारे ४४ मीटर उंच असून तो १२२८ ते १२३७ या काळातील आहे. पूर्वी त्यांच्या जागी लाकडी स्तूप होते. दोन्ही स्तूप अष्टकोनी व पाच मजली आहेत. प्रत्येक मजल्याच्या आठ बाजूंवर प्रत्येकी दोन, याप्रमाणे एकेका स्तूपावर ८० मानवाकृती कोरलेल्या आहेत. सन १६०४ च्या मोठ्या भूकंपातही हे स्तूप कोसळले नाहीत. दगडाच्या लांब तुळया एकमेकींत गुंतवून केलेली बांधणी हे त्याचे एक कारण होय. पूर्व स्तूपाच्या पायथ्याशी बुद्धचरित्रातील व जातककथांतील प्रसंग कोरलेले आहेत. पश्चिम स्तूपाच्या चौथ्या मजल्यावर एक वानरमुखी योद्धा दिसतो. ह्युएन त्संगाच्या भारतयात्रेवरील चिनी कथांमध्ये त्याच्या सोबतीला जो वानर येतो, त्याचे हे आरंभीचे शिल्परूप मानले जाते. ती कादंबरी सोळाव्या शतकातील, म्हणजे या शिल्पानंतर सुमारे तीन शतकांनी लिहिलेली आहे. हा ह्युएन त्संग पुलकेशी दुसरा याच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे.

मुख्य सभागृहासमोरील अंगणातील दोन लहान दगडी स्तूप मात्र घाईत असलेल्या प्रवाशाच्या नजरेतून सुटतात. ते सन ११४५ मधील आहेत. दहाव्या शतकात च्येन छू या राजाने सम्राट अशोकाच्या ८४,००० स्तूपांचे अनुकरण म्हणून तितकेच लहान धातुस्तूप घडविण्याचा संकल्प केला होता. अंगणातील स्तूप त्याच घडणीचे आहेत. त्यांवर भुकेल्या वाघिणीसाठी देह अर्पण करणाऱ्या बोधिसत्त्वाची कथा कोरली आहे. या स्तूपांचे दान ल्यू सान-न्यांग या स्त्रीने केले. मगधाचा सम्राट, पूर्व चीनमधील राजा आणि बंदरातील एक उपासिका यांना जोडणारा धागा येथे दगडात दिसतो. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण, सोपारा व चौल येथील दात्यांची नावे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. बंदर, व्यापारी, दान आणि विहार ही साखळी आपल्या किनाऱ्यावर आधी घडली होती.

विहारातील अनाथालय

खाययुआन विहाराच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्या निवासी विद्यालयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विहाराची दुरवस्था झाली होती. देशात अराजक माजले होते आणि अनाथ मुलांची संख्या मोठी होती. अशा वेळी भदंत च्वानताओ, भदंत युआनयिंग आणि त्यांचे सहकारी यांनी विहाराच्या जीर्णोद्धाराबरोबरच सन १९२५ मध्ये विहाराच्या आवारातच अनाथ मुलांसाठी आश्रय व शिक्षणाची संस्था सुरू केली. आग्नेय आशियात स्थायिक झालेल्या चिनी लोकांकडून त्यांनी त्यासाठी निधी उभा केला. च्वानताओ हे स्वतः सिंगापूरमध्ये वास्तव्य करणारे भिक्खू होते. गाव सोडून गेलेल्या माणसांनी गावातील मुलांसाठी पैसा पाठविला, अशी ही सरळ गोष्ट आहे. स्तूपांच्या उंचीचे आकडे विसरले तरी चालतील. परंतु हे विसरता कामा नये. जीर्णोद्धार म्हणजे भिंतींना रंग देणे की मुलांना अन्न व अक्षर देणे, असा प्रश्न त्या भिक्खूंसमोर होता आणि त्यांनी दोन्ही कामे एकत्र हाती घेतली. वसतिगृहाच्या एका खाटेमुळे ज्याचे आयुष्य बदलले, अशा आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

एकाच रस्त्यावरील धर्म

खाययुआन पाहून झाल्यावर थुमन रस्त्याकडे जावे. तेथे 'अस्हाब' मशीद आहे. हिजरी सन ४००, म्हणजे इ.स. १००९-१० मध्ये ती बांधली गेली आणि १३१० मध्ये तिची दुरुस्ती झाली, असे तिच्यावरील अरबी लेखातून कळते. ग्रॅनाइटचे उंच कमानदार प्रवेशद्वार पाहताना आपण चीनमध्ये नसून पश्चिम आशियात आहोत, असे क्षणभर वाटते. आतील मोठ्या प्रार्थनागृहाचे छप्पर आता नाही. भिंती, खिडक्या आणि कुराणातील वचने मात्र उभी आहेत. मुसलमानांना कोणीही त्रास देऊ नये, या आशयाचे मिंग सम्राटाचे सन १४०७ चे फर्मान येथे दगडावर कोरलेले आहे. मशिदीच्या जवळच चिनी लोकदेवतेचे मंदिर आणि त्याच परिसरात कन्फ्यूशिअसचे मंदिर आहे. शहराच्या दक्षिण भागात मात्सू या समुद्रदेवतेचे, सन ११९६ मध्ये स्थापन झालेले मंदिर आहे. उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी लाओत्सेची साडेपाच मीटरहून उंच पाषाणमूर्ती आहे.

शहराच्या दक्षिणेस च्यिनच्यांग भागात त्साओआन नावाचे लहानसे मंदिर आहे. तिसऱ्या शतकात बॅबिलोनियात मानी नावाचा धर्मसंस्थापक होऊन गेला. बुद्ध, झरतुष्ट्र आणि येशू यांना तो आपले पूर्वसूरी मानीत असे. त्याचा धर्म एकेकाळी रोमपासून चीनपर्यंत पसरला होता आणि पुढे नामशेष झाला. त्या मानीची, सन १३३९ मध्ये कोरलेली मूर्ती त्साओआनमध्ये आहे. मूर्ती बुद्धासारखी बैठक घातलेली आहे, पाठीमागे प्रकाशाचे किरण आहेत, मात्र हनुवटीवर दाढी आहे. गावकरी तिला 'प्रकाश-बुद्ध' म्हणून पुजत आले, म्हणूनच ती वाचली.

तमिळ शिलालेख आणि उखडलेले खांब

आता भारतीय प्रवाशाला सर्वाधिक विचार करावयास लावणाऱ्या अवशेषांकडे वळू. सन १९५६ मध्ये, म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली त्याच वर्षी, च्वानचौमध्ये एक तमिळ शिलालेख सापडला. तो सन १२८१ चा आहे. कुबलाईखानाच्या राजवटीत तमिळ व्यापाऱ्यांनी येथे शिवमंदिर उभारले होते, असे त्यावरून सिद्ध होते. त्या मंदिराचे अवशेष शहरभर विखुरले. त्यांतील दोन खांब खाययुआन विहाराच्या मुख्य सभागृहाच्या मागील बाजूस आजही छप्पर पेलत आहेत. त्यांवर नरसिंह, कालियामर्दन असे प्रसंग कोरलेले आहेत. सभागृहासमोरील चौथऱ्याला सिंहदेही मानवमुखी आकृतींच्या सत्तरहून अधिक शिळा बसविल्या आहेत. मिंग काळातील दुरुस्तीच्या वेळी पडक्या मंदिराचे हे दगड बांधकामाचे साहित्य म्हणून येथे आणले गेले, असे अभ्यासक मानतात. च्वानचौच्या परिसरातील एका खेड्यात तर भारतीय घडणीची एक देवीमूर्ती आज 'क्वानयिन', म्हणजे अवलोकितेश्वराचे चिनी स्त्रीरूप, म्हणून पुजली जाते.

येथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. आपल्याकडे जुन्नरजवळील लेण्याद्रीचे मूळ बौद्ध लेणे आज गणपतीचे स्थान म्हणून ओळखले जाते. आपण त्याचा मूळ इतिहास ठामपणे सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. मग खाययुआनमधील खांब मूळचे शिवमंदिराचे आहेत, हेही तितक्याच ठामपणे सांगावयास हवे. इतिहासाचा नियम दोन्ही ठिकाणी एकच असला पाहिजे. आपल्या सोयीचा दगड वाचावयाचा आणि गैरसोयीचा झाकावयाचा, ही रीत ज्यांनी शतकानुशतके चालविली, त्यांच्याविरुद्धच आपला लढा आहे.

या शहराला सर्वधर्मसमभावाचा नमुना म्हणून गौरविण्याची प्रथा आहे. त्यात तथ्य आहे. पण ते पूर्ण चित्र नव्हे. सन १२७६ मध्ये सोंग घराण्याची पडती बाजू पाहून येथील प्रबळ व्यापारी-अधिकारी फू शौकंग मंगोलांना मिळाला आणि शहरातील सोंग राजकुळातील लोकांची कत्तल झाली. युआन राजवटीत प्रजेची चार प्रतींत विभागणी होती. मंगोल सर्वांत वर, पश्चिमेकडून आलेले परकीय त्यांच्याखाली, नंतर उत्तर चीनचे लोक आणि सर्वांत तळाशी दक्षिणेचे चिनी, म्हणजे खुद्द च्वानचौची बहुसंख्य जनता. अशा पायरीपायरीच्या विषमतेवर उभारलेला सलोखा टिकत नाही. सन १३५७ ते १३६६ या काळात येथे सैनिकी बंड झाले. त्याच्या अखेरीस परकीयांवर सूड उगविला गेला, कबरी व प्रार्थनास्थळे उद्ध्वस्त झाली. पुढे मिंग राजवटीने खासगी सागरी व्यापारावर बंदी घातली आणि बंदर ओस पडत गेले. शेजारी शेजारी देवळे असणे ही समता नव्हे, हा धडा बाबासाहेबांच्या अनुयायांना नवा नाही. च्वानचौ त्याचे आणखी एक उदाहरण देते.

दगड वेचणारा शिक्षक

उद्ध्वस्त झालेल्या कबरींचे व मंदिरांचे दगड शहराच्या तटबंदीत, पुलांत, घरांच्या जोत्यांत गेले. विसाव्या शतकात तट पाडले जाऊ लागले तेव्हा अरबी, सीरियाई, तमिळ अक्षरे कोरलेले दगड बाहेर पडू लागले. लोकांच्या लेखी ते बांधकामाचे सामान होते. वू वनल्यांग नावाच्या एका स्थानिक शिक्षकाने मात्र ते वेचावयास सुरुवात केली. ते मूळचे जीवशास्त्राचे विद्यार्थी. पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हेत. कोठे कोणता दगड निघाला, याची ते नोंद ठेवीत आणि शक्य तेव्हा पदरमोड करून तो विकत घेत. अनेक वर्षांच्या या कामातून सन १९५७ मध्ये च्वानचौच्या धार्मिक शिलालेखांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी आपला संग्रह शासनाला दान केला. सन १९५९ मध्ये स्थापन झालेल्या येथील सागरी इतिहासाच्या संग्रहालयात अशा शिळांचे मोठे दालन आहे. आज युनेस्कोच्या यादीत झळकणाऱ्या शहराची साक्ष बऱ्याच अंशी एका शाळामास्तराच्या वहीवर उभी आहे.

सन १९७४ मध्ये येथील हौचू बंदराच्या चिखलातून सोंग काळातील एक जहाज उत्खननात बाहेर काढण्यात आले. त्याचा उरलेला भाग २४ मीटरहून अधिक लांबीचा आहे. त्याचे पोट १२ आडव्या भिंतींनी १३ कप्प्यांत विभागलेले होते, जेणेकरून एका कप्प्यात पाणी शिरले तरी जहाज बुडू नये. त्यात सुगंधी लाकूड, मिरी आणि सुपारी सापडली. हे जहाज खाययुआन विहाराच्या आवारातील दालनात ठेवलेले आहे. विहार पाहताना ते चुकवू नये.

वेळ उरल्यास शहराच्या ईशान्येस असलेला लोयांग पूल पाहावा. राज्यपाल त्साय श्यांग यांच्या देखरेखीखाली सन १०५३ ते १०५९ मध्ये तो खाडीच्या मुखावर बांधला गेला. नदीच्या तळाशी दगडांचा रुंद थर पसरून त्यावर खांब उभारले आणि त्या दगडांवर कालवे वाढविली. कालवांच्या कवचांनी दगड एकमेकांना घट्ट बांधले गेले. या भागातील पूलबांधणीत भिक्खूंचा मोठा वाटा होता. ते निधी जमवीत आणि कामावर देखरेख ठेवीत. लोकांना नदी सुखरूप ओलांडता यावी, हे त्यांना धम्मकार्यच वाटत होते.

आपल्या गावोगावच्या वस्त्यांत, शेतांच्या बांधांवर, पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेले, अर्धे गाडलेले दगड आजही आहेत. सोपाऱ्याचा स्तूपही सन १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करीपर्यंत मातीचा ढिगाराच होता. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढीच विनंती आहे की, गावी जाल तेव्हा अशा शिळेचे छायाचित्र घ्या, जागा व माप लिहून ठेवा, वृद्धांनी सांगितलेले तिचे नाव टिपून घ्या. दगड हलवू नका, त्यावरून भांडणही करू नका. नोंद मात्र तारखेसह ठेवा. पुढे कोणी अभ्यासक आला, तर त्याच्या हातात देण्यासाठी आपल्यापाशी एक वही असली पाहिजे.